शिक्षा झाली, पण फी कोणी भरली?

टीव्हीवरच्या मालिका पाहू नयेत, असे सांगणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. जुम्याच्या बयानात सांगतात, निकाहच्या मजलिसीत सांगतात, आता तर मोबाइलवरही सांगतात. मी मालिका पाहते. शाळेतून आल्यावर वह्या तपासता तपासता पाहते आणि हे कबूल करताना मला लाज वाटत नाही. माझी निम्मी मराठी मालिकांनीच घडवली आहे. घरात दखनी, शाळा उर्दू माध्यमाची, मराठीचा तास म्हणजे धडा वाचायचा आणि फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घ्यायची. १९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली तेव्हा मी लहान होते. जुन्या नाशकातल्या आमच्या दोन खोल्यांत अम्मी भाजी निवडत बसायची आणि समोर सुधा जोशी बोलायची. 'निदान' आणि 'कदाचित' हे शब्द मला पुस्तकाने नव्हे, तिने शिकवले. तेव्हा मालिकांशी माझे वैर नाही. त्यांचे थोडे उपकारच आहेत.

भांडण वेगळे आहे. आपल्याकडची नेहमीची तक्रार अशी की, मालिका बदनीती शिकवतात. त्यांतल्या बायका नटतात, सासूला उलटून बोलतात, परक्या पुरुषाबरोबर कॉफी पितात. पण मालिकांत नीतीची टंचाई आहे कुठे? तिथे तर नीतीचा पूर आला आहे. प्रत्येक भागात कोणी तरी कोणाला तरी धडा शिकवत असते. शपथा वाहिल्या जातात, ढोल वाजतात, दुष्टाच्या थोबाडीत मारली जाते आणि ती थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवली जाते. तिथे नाही तो हिशोब. एका माणसाने चूक केली, तर त्या चुकीचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, कोणाची शाळा सुटता सुटता राहिली, कोणाच्या डोळ्यांना चष्मा लागला, हे कोणी दाखवत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात पुस्तक वाचून आला नाही. दोन वर्षांपूर्वी पालकसभेच्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई सगळे गेल्यावर मागे थांबली. आमच्या या तुकड्या विनाअनुदानित आहेत, त्यामुळे थोडीफार फी असते, आणि तिची फी थकली होती. ही बाई वडाळ्याकडे राहते, साड्यांना फॉल-पिको करते. नवरा टेम्पो चालवायचा. वर्षभरापूर्वी तो दुसऱ्या एका बाईबरोबर भिवंडीला राहायला गेला. तलाक नाही, खर्च नाही, फोन उचलणे नाही. मी विचारले, "खर्चासाठी कोर्टात अर्ज का नाही केला?" ती हसली. म्हणाली, "उसको भुगतना पडेंगा टीचर. देखना तुम, एक दिन पाँव पकडने आयेंगा. राधिका के गुरुनाथ का क्या हुआ?"

आता हे लिहिताना मला जे सांगायचे आहे ते माझ्याच विरुद्ध जाते. मी त्या दिवशी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, "सब्र करो, अल्लाह देख रहा है।" फीला महिन्याची मुदत दिली आणि आम्ही दोघी आपापल्या घरी गेलो. मला वाटले, मी फार समंजसपणे वागले.

तर हा गुरुनाथ. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. म्हणजे साडेचार वर्षे. नागपूरकडची साधी राधिका, तिचा नवरा गुरुनाथ सुभेदार आणि ऑफिसातली शनाया. राधिकेचे काम करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या, त्यामुळे आमच्याकडे ती मालिका जरा जास्तच आपुलकीने पाहिली गेली. शेजारच्या खाला, ज्यांना मराठी धड समजत नाही, त्याही राधिकेच्या बाजूने शिव्या द्यायच्या. ही आपुलकी मी नाकारत नाही. सोडून दिलेली बाई स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या जोरावर धंदा उभा करते, हे पाहून कितीतरी बायकांची मान ताठ झाली असेल.

पण गुरुनाथला किती वेळा शिक्षा झाली ते आठवून पाहा. त्याचे बिंग फुटले, त्याची फजिती झाली, नोकरी गेली, तो रस्त्यावर आला, त्याने माफी मागितली. आणि पुढच्या सोमवारी नवा कोट घालून नवा डाव रचायला तो पुन्हा हजर! हा लेखकाचा विसरभोळेपणा नाही, हे त्या धंद्याचे गणितच आहे. मालिका आठवड्याला सहा दिवस चालते, आठवड्याच्या आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर पुढची गोष्ट ठरते. कादंबरीला शेवटचे पान असते. मालिकेला शेवट म्हणजे पन्नास-शंभर माणसांचा रोजगार बंद. मग गुरुनाथला खरी शिक्षा कशी होणार? तो तर त्या मालिकेतला कमावता माणूस आहे. राधिका चांगली असून चालते, पण चूल पेटते ती गुरुनाथच्या पापावर. त्याला तुरुंगात घातले तर बाकीचे खाणार काय?

म्हणून शिक्षा रोज द्यायची आणि परिणाम मात्र कधीच होऊ द्यायचा नाही, अशी ही युक्ती आहे. ती जुनी आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यातला मिहीर मेला. घरोघरी रडारड झाली, लोकांनी तक्रारी केल्या, आणि मिहीर परत आला. ज्या गोष्टीत मरणसुद्धा मागे घेता येते, तिथे व्यभिचार, फसवणूक, चोरी यांची काय कथा? ईटीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेल्या 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून जास्त भाग झाले. नावात चार दिवस, प्रत्यक्षात अकरा वर्षे. एवढ्या काळात माझी दहावी, बारावी, पदवी झाली आणि बी.एड.चा अर्ज भरायची वेळ आली. खऱ्या आयुष्यात अकरा वर्षांत माणसे म्हातारी होतात. मालिकेत फक्त साड्या बदलतात.

शिक्षिका असल्यामुळे माझे लक्ष नको तिथे जाते. राधिका-गुरुनाथच्या मुलाचे नाव अथर्व. मी मालिका पाहताना सारखा एकच प्रश्न विचारायचे, हा मुलगा कितवीत आहे? याची हजेरी किती? बाप घर सोडून गेल्यावर याचे गणिताचे मार्क कमी झाले की नाही? वर्गात असा मुलगा मला पाठीमागून ओळखता येतो. तो डबा उघडत नाही, किंवा पहिल्या तासालाच उघडतो. मधल्या सुट्टीत मारामारी तोच करतो. मालिकेत अथर्व गरज पडली की येतो, एखादे वाक्य बोलून मोठ्यांना रडवतो आणि मग पुढे कित्येक भाग कुठे जातो कोण जाणे! पापाची किंमत ज्याच्या वहीत लिहिलेली असते, तोच पडद्याबाहेर.

'आई कुठे काय करते' स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. तिच्या बाबतीत मी थोडी नरम आहे. 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून ती घेतली होती, त्याच गोष्टीची हिंदी 'अनुपमा'. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अरुंधतीला कळते की नवऱ्याचे संजनाशी संबंध आहेत. ती घटस्फोट घेते, बाहेर पडते, कमावू लागते. घटस्फोट म्हणजे कुटुंबाची बेअब्रू नव्हे, हे मराठी घरांत रोज संध्याकाळी साडेसातला बोलले गेले. हे लहान काम नाही. तरी अनिरुद्ध कुठे राहिला? त्याच घरात. आईच्या हातचा चहा पीत, मुलांवर ओरडत. मुळात ती गोष्ट अरुंधतीने काय काय सहन केले याची आहे. अनिरुद्धने काय फेडले, हा प्रश्न तिथे फारसा उद्भवतच नाही.

आणि मग 'देवमाणूस'. वाईजवळच्या धोम गावात २०१६ साली उघडकीला आलेल्या हत्यांवर ही मालिका बेतलेली होती. त्या खऱ्या प्रकरणात डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या माणसावर सहा जणांच्या हत्येचा आरोप होता. मालिका ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, लोकांनी ती उचलून धरली. वर्षाने संपली, पण खुनी जिवंत ठेवला, कारण दुसरे पर्व यायचे होते. ते त्याच वर्षी डिसेंबरात आलेही, आणि २०२५ मध्ये आणखी एक अध्याय आला. ज्यांच्या घरातली माणसे खरोखर पुरली गेली, त्यांनी रात्री साडेदहाला टीव्ही लावला असेल तर त्यांना काय वाटले असेल? माझ्या वर्गातली मुले मधल्या सुट्टीत 'डॉक्टर' बनून एकमेकांना इंजेक्शन देत होती. मारले गेलेले बनायला मात्र कोणी तयार नव्हते.

इथे कोणी म्हणेल, मग कायदा करा, पापी माणसाला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे असा नियम घाला. तोही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत १९३४ पासून काही दशके चित्रपटांवर अशी आचारसंहिता होती की, गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही. आपल्याकडे 'शोले'चेच पाहा. १९७५ साली मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते चालले नाही, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला कसा दाखवायचा? म्हणून ऐन क्षणी पोलीस आले आणि गब्बरला घेऊन गेले. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या लोकांनी पुढे 'मालेगाव के शोले' काढला, तो या सगळ्या शहाणपणाची छान टिंगल होती. सांगायचे एवढेच की, गब्बर मेला काय किंवा बेड्या पडल्या काय, इमामसाहेबांचा अहमद परत येत नाही. 'शोले' लक्षात राहिला त्याचे एक कारण तो आंधळा बाप आहे. गावातले बाकीचे सगळे गप्प उभे असताना तो विचारतो, इतका सन्नाटा कशाचा? नियमाने शिक्षा दाखवता येते, तो सन्नाटा दाखवता येत नाही.

आता आपल्या आवडीच्या गोष्टीकडे वळते, म्हणजे पाकिस्तानी ड्रामे. २०१४ च्या जूनमध्ये जिंदगी ही वाहिनी सुरू झाली आणि आमच्या मोहल्ल्यात ईदच आली. किती शुद्ध जबान! डोक्यावर दुपट्टा! वडीलधाऱ्यांचा अदब! ज्या घरांत टीव्ही हराम होता, त्या घरांतूनही नऊ वाजता 'जिंदगी गुलजार है'चे सूर ऐकू यायचे. २०१६ च्या सप्टेंबरनंतर तिथले पाकिस्तानी ड्रामे बंद झाले, मग लोक यूट्यूबवर गेले, २०२५ मध्ये तिथेही त्यांच्या वाहिन्यांवर बंदी आली. तोपर्यंत आपल्याकडे एक समजूत पक्की झाली होती की, मराठी-हिंदी मालिका बिघडवतात आणि उर्दू ड्रामा तरबियत करतो.

या समजुतीवर माझा राग जास्त आहे, कारण ती आपली आहे. उर्दू ड्राम्याला तर शेवट असतो. वीस-पंचवीस भाग, आठवड्याला एक. तिथे टीआरपीसाठी पापी माणसाला जिवंत ठेवायची सक्ती नाही. मग तिथे हिशोब नीट व्हायला हवा होता. झाला का? ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२० या काळात 'मेरे पास तुम हो' आला. शेवटचा भाग पाकिस्तानात थिएटरांमध्ये दाखवला गेला, इतका तो गाजला. मेहविश पैशाच्या मोहाने दानिशला आणि मुलाला सोडून श्रीमंत शहवारकडे जाते. मोठी चूक, मान्य. त्यापुढे मात्र लेखक खलील-उर-रहमान कमर यांची सगळी लेखणी तिला झोडण्यात खर्च झाली. तिची किंमत दोन टक्क्यांची ठरवणारा तो संवाद आपल्याकडच्या तरुण पोरांनी मोबाइलवर किती फिरवला! दानिश शेअर बाजारात पैसे लावतो आणि थोड्याच भागांत मालदार होतो. शेवटी मेहविशसमोर त्याचे हृदय बंद पडते आणि तो जवळपास शहीद होऊन जातो. (त्यात मुलाची शिक्षिकाच वडिलांच्या प्रेमात पडते. शिक्षिकेला वर्गात एकच विद्यार्थी असला म्हणजे एवढी सवड मिळत असावी.)

याला आपले लोक 'मकाफाते अमल' म्हणतात, करणीचे फळ. बारकाईने पाहिले तर हे फळ बाई-माणूस पाहून वाटले जाते. बाईच्या वाट्याला सगळे आयुष्यभराचे, पुरुषाच्या वाट्याला पश्चात्तापाचे दोन अश्रू, नाही तर सन्मानाचे मरण. ही परंपराही जुनी आहे. १८६९ साली डिप्टी नजीर अहमद यांनी 'मिरातुल उरूस' लिहिली. त्यात दोन बहिणी, अकबरी आणि असगरी. एक फूहड, एक सुघड. फूहड बहीण सगळे गमावते, सुघड बहीण सगळे कमावते. त्या काळात मुलींना शिकवावे म्हणून लिहिलेले पुस्तक होते, लेखकाची नियत नेक होती, उर्दूतल्या पहिल्या कादंबरीचा मान त्याला देतात. पण दीडशे वर्षांनंतरही आपण अकबरीला झोडायचे आणि असगरीला बक्षीस द्यायचे, यापुढे गेलो नाही तर नजीर अहमदांचा तो अपमान आहे.

'जिंदगी गुलजार है' मात्र मला मनापासून आवडला होता, आणि त्यात मला हवी ती गोष्ट थोडी सापडली. तीन मुलीच झाल्या म्हणून बाप दुसरी बायको करतो, मुलासाठी. पहिली बायको राफिया शाळेत शिकवून मुलींना वाढवते. पुढे तो लाडका मुलगा बिघडतो आणि बाप मुलींच्या दारात येतो. हा झाला ठरलेला मकाफात. खरा हिशोब मोठ्या मुलीच्या, कशफच्या जिभेवर आहे. ती कडवट झाली आहे. कोणा पुरुषावर विश्वास ठेवणे तिला जमत नाही, चांगला नवरा मिळाल्यावरही जमत नाही. बापाच्या चुकीचा हप्ता मुलगी तिच्या लग्नात भरत राहते. उमेरा अहमद यांनी हे लिहिले, त्याला माझा सलाम. फक्त तीन मुलींचा खर्च बापाकडून हक्काने वसूल करावा, असे त्या शिकलेल्या आईला का वाटत नाही, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. तेव्हा मीही विचारला नव्हता. मलाही राफियाचा सब्रच आवडला होता.

हिशोब दाखवणे म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. इस्मत चुगताई यांची 'चौथी का जोडा' ही कथा घ्या. गरीब घर, विधवा आई, लग्नाला आलेली कुबरा. मामाचा मुलगा राहत नोकरीच्या ट्रेनिंगसाठी येऊन राहतो. त्याला पराठे मिळावेत म्हणून घरातले दागिने जातात, घरची माणसे कोरडे तुकडे गिळतात. तो खातो, पितो, धाकटीवर हात टाकतो, आणि एक दिवस आपले लग्न ठरले म्हणून सामान बांधून निघून जातो. कुबरा क्षयाने मरते. ज्या चौकीवर लग्नाचा जोडा बेतायचा, तिथे आई कफन बेतते. राहतला काय शिक्षा झाली? काहीच नाही! गाडीत बसून तो मजेत गेला. तरीही उर्दूत याहून कडक निवाडा मी वाचलेला नाही, कारण इस्मत आपांनी पराठ्यांचा हिशोब मांडला आहे. कुठला पराठा कुठल्या दागिन्यातून आला, ते त्यांनी आपल्याला विसरू दिले नाही.

मराठीत तर हे काम आमच्या नाशिकच्याच माणसाने केले. कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' १९७० सालचे. अप्पासाहेब बेलवलकर सगळे मुलांना देऊन टाकतात, आणि पुढे मुलीच्या घरात त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. कावेरी जाते. मुलगा किंवा मुलगी पायऱ्यांवरून पडून अपंग होत नाहीत, कोणाला वेड लागत नाही, कोणाचे दिवाळे निघत नाही. अप्पांची चूकही नाटक लपवत नाही, त्यांचा अहंकार, त्यांचे शब्दांवरचे प्रेम. चांगला माणूसही आपल्या चुकीचे मोल देतो आणि त्याच्याबरोबर काहीही चूक न केलेली बायकोही देते. प्रेक्षक घरी जाताना आपल्या आईबापांची आठवण काढतो. गुरुनाथची फजिती पाहून कोणता नवरा आपल्या वागण्याचा विचार करत झोपला असेल?

"मनोरंजन आहे, एवढे काय मनावर घेता?" असे मला स्टाफरूममध्ये ऐकवतात. मनोरंजन असेल तर मनोरंजनच म्हणा ना. पण हेच लोक पुरस्कार घेताना स्त्रीच्या सक्षमीकरणाबद्दल बोलतात. कौतुक घ्यायचे तेव्हा समाजप्रबोधन, आणि जाब विचारला की करमणूक! शिवाय खरी कोर्टकचेरी कंटाळवाणी असते, तिचे नाट्य होत नाही, असेही सांगतात. इंदूरच्या शाहबानोची कथा कंटाळवाणी होती? १९७५ साली घराबाहेर काढलेली बाई, १९७८ मध्ये बासष्टाव्या वर्षी अर्ज, उच्च न्यायालयाने वाढवून दिलेले महिना १७९ रुपये २० पैसे, १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि मग आपल्याच लोकांच्या दबावाने तिने त्या निकालाकडे फिरवलेली पाठ. देश ढवळून निघाला. त्या एका बाईच्या दहा वर्षांत जेवढे नाट्य आहे तेवढे सगळ्या वाहिन्यांत मिळून नाही. मालिकेत कोर्ट येते ते ओरडण्यापुरते. वकिलाची फी, पुढची तारीख, तिसऱ्या मजल्यावरचा जिना चढताना गुडघा धरणे, यातले काही येत नाही. मोफत वकील मिळण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला १९८७ च्या कायद्याने आहे, उत्पन्न कितीही असो. एवढे एक वाक्य राधिकेने साडेचार वर्षांत पडद्यावर मोठ्याने म्हटले असते, तर किती घरांत पोचले असते!

फॉल-पिको करणारी ती बाई माझ्याकडे पुन्हा आली ती यंदा जूनमध्ये. नवऱ्याला जाऊन तीन वर्षे झाली होती. मधल्या काळात त्याने पाय धरले नाहीत, त्याचा अपघात झाला नाही, हृदयही बंद पडले नाही. भिवंडीत त्याने दुसरा टेम्पो घेतला, असे तिने ऐकले होते. मुलगी आता दहावीत आहे. या खेपेला मी सब्र सांगितला नाही. मुलीला बरोबर घेऊन आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे समजावले. तलाक झालेला नसला तरी पत्नी खर्च मागू शकते, पूर्वीच्या कलम १२५ च्या जागी जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १४४ आहे. नवऱ्याने दुसरी बाई केली असेल तर त्याच्याकडे नांदायला न जाणे हा तिचा दोष ठरत नाही. दोन वर्षे खर्च दिला नाही तर १९३९ च्या कायद्याने तिला स्वतः निकाह तोडण्याचीही मागणी करता येते.

मग ती म्हणाली, "और ये तीन साल का?"

वकीलबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे की, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. अर्जाच्या आधीचे महिने या अर्जात धरता येत नाहीत.

मी मनातल्या मनात आकडा केला. पालकसभेच्या त्या दिवसापासून चोवीस महिने. ते माझ्या सब्रचे महिने होते.

अर्जाला मुलीच्या शिक्षणाच्या खर्चाचा पुरावा लागतो. बोनाफाइड दाखला मी मुख्याध्यापकांची सही घेऊन त्याच आठवड्यात दिला. फीच्या पावत्या मात्र सगळ्या सापडत नाहीत. आठवीच्या दोन तिच्याकडे आहेत, एक फॉलच्या कापडांबरोबर भिजून गेली. शाळेच्या जुन्या पावतीपुस्तकांतून बाकीच्यांच्या नकला शोधायचे काम मी आणि क्लार्कसाहेब रोज मधल्या सुट्टीत करतो आहोत. अजून दोन मिळायच्या आहेत.